सामत्यापासून ड्रिलपर्यंत

घरांतला अडकित्ता हातीं घेऊन पाहिला, तर त्याच्या दोन भागांना जोडणारी एक लहानशी खिळी दिसते. मुठीवरचा मोर, पितळेची नक्षी, पात्याची धार यांचें कौतुक पुष्कळांनीं केलेलें आहे. पण ती खिळी ज्या छिद्रांतून गेलेली असते त्या छिद्राकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. तें छिद्र केसभर तिरकें गेलें असतें, तर पातें आपल्या जागीं बसलें नसतें आणि सुपारी कातरण्याऐवजीं चिरडली गेली असती. कात्रीची, घडीच्या चाकूची, स्वयंपाकघरांतील सुरीच्या मुठीची हीच कथा आहे. धार लावणाराचें नांव होतें, छिद्र पाडणारा विसरला जातो.

आजच्या भाषणांत त्या विसरलेल्या कामाच्या हत्याराचा वृत्तांत सांगण्याचा विचार आहे. त्याला एक निमित्तही झालें आहे. हल्लीं शहरांतील कांहीं सुशिक्षित तरुण फावल्या वेळांत हौसेनें सुऱ्या घडवूं लागले आहेत. मालमोटारीच्या जुन्या कमानीचा पाटा आणावा, तो तापवून ठोकावा, कानशीनें आकार द्यावा, पाणी द्यावें आणि शेवटीं शिसवीची मूठ बसवावी, असा त्यांचा उद्योग. मूठ बसविण्याची वेळ आली, म्हणजे तीन-तीन आठवडे खपून केलेलें पातें घरीं ठेवून ते बाजाराकडे धांवतात. मुंबईची नागदेवी असो कीं पुण्याची बोहरी आळी असो, दुकानदार चार तऱ्हेचीं ड्रिलें पुढें टाकतो. एक काळें, एक पांढरें, एक सोनेरी आणि एक तपकिरी. कोणतें घ्यावें? बहुधा सोनेरी घेतलें जातें. घरीं येऊन यंत्र सुरू करावें, तों ड्रिल किंचाळूं लागतें, धूर निघतो, टोंक निळें पडतें, आणि पात्यावर नुसता एक चकचकीत खळगा उरतो. असें कां होतें हें समजावयाचें असेल, तर ह्या हत्यारानें कोणत्या दोन शत्रूंशीं झगडत आपलें आजचें रूप मिळविलें तें पाहिलें पाहिजे. त्यांतला एक शत्रू म्हणजे कीस आणि दुसरा म्हणजे उष्णता.

छिद्र पाडण्याची विद्या धातूच्या विद्येहून फार जुनी आहे. बलुचिस्तानांत मेहेरगढ येथें नऊ माणसांच्या अवशेषांत मिळून अकरा दाढा अशा सांपडल्या, कीं ज्यांना त्या माणसांच्या हयातींतच भोंकें पाडलेलीं होतीं. त्यांचा काळ आजपासून साडेसात ते नऊ हजार वर्षांपूर्वींचा. २००६ सालीं ह्या शोधाची हकीकत प्रसिद्ध झाली. संशोधकांनीं गारेचें टोंक बसविलेला कमानीचा सामता घेऊन तसेंच छिद्र पाडून पाहिलें, तर त्याला एक मिनिटही लागलें नाहीं. हा सामता आमच्या सुताराच्या पेटींत अगदीं अलीकडेपर्यंत होता. दांड्याला दोरीचा वेढा द्यावा, दोरीचीं टोंकें कमानीला बांधावीं आणि कमान करवतीसारखी पुढेंमागें ओढावी, म्हणजे दांडा आळीपाळीनें उजवीकडे व डावीकडे फिरतो. इजिप्तमध्यें थीब्स येथील सोबेकहोतेप नांवाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यांत इसवी सनापूर्वीं सुमारें १४०० च्या काळांतील एक भित्तिचित्र होतें. तें आतां लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्यें आहे. त्यांत मणी करणारे कारागीर एकाच कमानीनें एकाच वेळीं अनेक सामते फिरवीत आहेत.

सिंधुसंस्कृतीच्या कारागिरांनीं तर ह्या कामांत कमालच केली. चान्हुदडो येथें अर्नेस्ट मॅके यांनीं १९३५-३६ सालीं उत्खनन केलें, तेव्हां मणी घडविण्याची मोठी जागा उजेडांत आली. तेथें छिद्रें पाडण्यासाठीं वापरलेल्या कठीण दगडाला पुढील संशोधकांनीं मॅके यांच्याच नांवावरून अर्नेस्टाइट असें नांव दिलें. ह्या दगडाच्या टोंकानें लाल अकीकांत तासाला सुमारें अडीच मिलिमीटर इतकेंच छिद्र पुढें सरकतें, असें प्रयोगांवरून दिसून आलें आहे. म्हणजे सहा सेंटिमीटर लांबीच्या एका मण्याला चोवीस तासांची मेहनत! आणि असे मणी ओवून केलेले सिंधुसंस्कृतीचे कमरपट्टे सांपडले आहेत. खंबायतचे अकीकवाले हिऱ्याच्या दोन कणांचें टोंक बसवून हेंच काम कमानीनें करीत आले.

परंतु दगडाचें छिद्र आणि धातूचें छिद्र यांत एक मूलभूत भेद आहे. दगड घासून पोखरतात, धातू कापून पोखरावा लागतो. घासणाऱ्या सामत्याला दिशेचें सोयरसुतक नसतें. कमान पुढें गेली काय किंवा मागें आली काय, घासणें चालूच राहतें, आणि निघणारी भुकटी पाण्याबरोबर वाहून जाते. धातू कापावयाचा तर धार एकाच दिशेनें सतत चालली पाहिजे, तिचा कोन बरोबर असला पाहिजे, आणि कापलेला कीस तेथून वेळेवर निघून गेला पाहिजे.

शेंकडों वर्षें लोहार ह्या कामाला चपटें ड्रिल वापरीत. सळईचें टोंक तापवून ठोकावें, तें भाल्याच्या फाळासारखें चपटें करावें, दोन बाजूंना धार लावावी, पाणी द्यावें, कीं हत्यार तयार. करावयास सोपें आणि मोडलें तर हळहळ नाहीं. पण त्याचे अवगुणही तितकेच मोठे. चपटें टोंक छिद्राच्या भिंतींना नीट टेकत नाहीं, म्हणून खोल जातांना तें वाट चुकतें. कीस वर येण्यास मार्ग नसतो, म्हणून दर थोड्या वेळानें हत्यार बाहेर काढून झटकावें लागतें. आणि त्याची धार अशा कोनांत उभी असते, कीं ती धातू कापते कमी आणि खरवडते जास्त.

खरवडण्यांतून काय निपजतें त्याचा सर्वांत प्रसिद्ध पुरावा बव्हेरियांतील म्यूनिकच्या तोफखान्यांतून आला. तेथें काउंट रमफर्ड हे तोफांच्या कामावर देखरेख करीत असत. पितळी तोफ पोखरतांना धातू किती तापतो हें पाहून ते चकित झाले, आणि त्यांनीं मुद्दाम एक बोथट हत्यार घेऊन प्रयोग केला. दहा हजार पौंडांच्या दाबानें तें तोफेच्या धातूवर दाबून धरलें, घोडे लावून मिनिटाला बत्तीस फेरे दिले, आणि सभोंवार पाणी ठेवलें. अडीच तासांनीं विस्तवावांचून तें पाणी उकळूं लागलें. १७९८ सालीं रॉयल सोसायटीपुढें वाचलेला हा निबंध पदार्थविज्ञानांत अजरामर झाला, कारण उष्णता हा कोणी पदार्थ नसून गतीचाच एक प्रकार आहे ह्या मताला त्यानें बळकटी आणली. शाळेंत असतांना मीं हा प्रयोग कित्येक वर्गांना सांगितला. पाठ्यपुस्तकांत तो उष्णतेच्या प्रकरणांत असतो; सुऱ्या घडविणारानें तो बोथट हत्याराच्या प्रकरणांत वाचावा. बोथट ड्रिलवर दुप्पट जोर दिला, तर छिद्र दुप्पट वेगानें होत नाहीं. आपण रमफर्डसाहेबांचा प्रयोग आपल्या पात्यावर करीत असतों एवढेंच.

पहिल्या शत्रूचा, म्हणजे किसाचा, बंदोबस्त अमेरिकेंत झाला, आणि त्याला निमित्त झालें यादवी युद्धाचें. १८६१ सालीं युद्ध पेटल्यावर प्रॉव्हिडन्स टूल कंपनी सरकारासाठीं बंदुका करूं लागली. त्या बंदुकांत टोपीची ठिणगी दारूपर्यंत पोंचविणारी एक पोलादी तोटी असे, आणि तिच्यांत बारीक छिद्र पाडावें लागे. ह्या कामाला मळसूत्री पन्हळींचीं ड्रिलें लागत. तीं कशीं करीत? कारागीर पोलादी तारेवर गोल कानस घेऊन बसे आणि दोन्ही पन्हळी हातानें, अंदाजानें, एक एक घासून काढी. एका ड्रिलला केवढा वेळ जात असेल आणि दोन ड्रिलें एकासारखीं कितपत होत असतील, याची कल्पना श्रोत्यांनींच करावी. कारखान्याचे व्यवस्थापक फ्रेडरिक हाउ ह्यांनीं ही अडचण ब्राउन आणि शार्प ह्या कंपनीच्या जोसेफ ब्राउन यांच्यापुढें मांडली. ब्राउन यांनीं तिच्यावर असें यंत्र काढलें, कीं ज्यांत सळई आपल्याभोंवतीं हळूहळू फिरत पुढें सरकते आणि फिरतें चाकू-चाक तिच्यावर मळसूत्री पन्हळ कापीत जातें. असलें पहिलें यंत्र १८६२ च्या मार्चमध्यें ह्याच कंपनीला विकलें गेलें. पुढें जगांतील यंत्रशाळांत सर्वत्र पसरलेलें सार्वत्रिक मिलिंग यंत्र तें हेंच. दांतेरी चाकें, कापणारीं चक्रें, किती तरी वस्तु त्यावर होऊं लागल्या. पण तें जन्मलें तें एका बारीक ड्रिलच्या पन्हळीसाठीं. मोठमोठ्या यंत्रांचीं मुळें अशा क्षुद्र गरजांत असतात, आणि इतिहासाचीं पुस्तकें लढायांच्या तारखा देऊन मोकळीं होतात.

ह्यानंतर एका वर्षानें, ७ एप्रिल १८६३ रोजीं, मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील ईस्ट ब्रिजवॉटरच्या स्टीफन मोर्स यांना ड्रिलच्या सुधारणेबद्दल ३८,११९ क्रमांकाची सनद मिळाली, आणि १८६४ सालीं न्यू बेडफर्ड येथें त्यांची कंपनी उभी राहिली. मळसूत्री ड्रिल मोर्स यांनींच शोधलें असें सरसकट लिहिलेलें आढळतें. वर सांगितलेल्या हकीकतीवरून तें अक्षरशः खरें नाहीं हें दिसेलच. हातानें घासलेलीं तसलीं ड्रिलें त्यांच्या आधीं होतीं. पण हें हत्यार कारखान्यांत शेंकड्यांनीं तयार होऊन पेटींत घालून विकलें जाऊं लागलें, याचें श्रेय त्यांचें. गंमत अशी, कीं ह्या ड्रिलला इंग्रजींत पिळलेलें ड्रिल असें म्हणतात. पूर्वीं चपट्या पट्टीला खरोखरच पीळ देऊन तीं करीत. मोर्सच्या ड्रिलला पीळ मुळींच दिलेला नसतो. गोल सळईंत पन्हळी कापलेल्या असतात. नांव तेवढें जुन्या पिळाचें राहिलें आहे.

हा आकार पुन्हां एकदां नीट पाहण्याजोगा आहे. दोन पन्हळी कीस आपोआप वर आणतात. पन्हळींच्या मधला भाग छिद्राच्या भिंतीला टेकून ड्रिलला सरळ ठेवतो. पन्हळीच्या तिरकसपणामुळें धारेला कापावयास योग्य कोन मिळतो, म्हणजे खरवडणें कमी होतें. आणि टोंक झिजलें तर पुन्हां धार लावावी. ड्रिल आंखूड होतें, पण त्याची जाडी तीच राहते. ह्या आकारांत गेल्या दीडशेंहून अधिक वर्षांत मूलतः कांहींच फरक करावा लागला नाहीं. माझ्या मतें ड्रिलच्या इतिहासांतील सर्वांत मोठी मजल ती हीच. पुढें बदललें तें मुख्यतः पोलाद.

एक वैगुण्य मात्र त्यांत राहून गेलें. दोन पन्हळींच्या मध्यें जो गाभा उरतो, त्याचें टोंकावर एक आडवें बोथट अंग होतें. तें कापीत नाहीं. धातूला नुसतें रेटून बाजूला सारतें. ड्रिल सुरुवातीला सरकतें तें ह्या अंगामुळें, आणि बराचसा जोरही तेंच खातें. म्हणून आधीं पंच मारून खूण खोल करावी, मोठें छिद्र हवें असेल तर प्रथम बारीक ड्रिल घालावें. नेहमींच्या ड्रिलच्या टोंकाचा कोन ११८ अंशांचा असतो. चिवट पोलादासाठीं १३५ अंशांचें टोंक घेतात आणि तें आडवें अंग दोन्हीकडून घासून चिरलेलें असतें. असें ड्रिल पात्याच्या चपट्या पृष्ठभागावर सरकत नाहीं. विकत घेतांना रंगाआधीं हें टोंक पाहावें.

आतां दुसरा शत्रू. साधें पोलाद पाणी देऊन कितीही कठीण केलें, तरी दोन-अडीचशें अंश सेंटिग्रेडच्या पुढें तापलें कीं नरम पडूं लागतें. १८६८ सालीं इंग्लंडांत रॉबर्ट मशेट यांनीं पोलादांत टंग्स्टन घालून त्याचा टिकाऊपणा वाढविला. परंतु खरी क्रांति झाली ती अमेरिकेंत बेथलेहेम स्टील कंपनींत. फ्रेडरिक टेलर आणि मॉन्सेल व्हाइट यांनीं १८९८ च्या सुमारास असें पाहिलें, कीं टंग्स्टनचें पोलाद जुन्या लोहारांनीं ‘जळालें’ म्हणून फेंकून दिलें असतें इतकें, म्हणजे जवळजवळ वितळण्याच्या बेतास येईपर्यंत तापविलें, तर तें बिघडण्याऐवजीं असामान्य होतें. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनांत त्यांचीं हत्यारें टोंक लाल झालेलें असतांना धातू कापीत होतीं आणि निळा कीस उडत होता. टेलर यांनीं १९०६ सालीं आपला प्रचंड निबंध वाचला. सव्वीस वर्षांच्या प्रयोगांत आठ लाख पौंड धातूचा कीस पाडला असें त्यांत नमूद आहे. हेच टेलर घड्याळ घेऊन मजुरांच्या हालचाली मोजणारे म्हणून प्रसिद्ध झाले, आणि १९११ सालीं त्यांच्या पद्धतीविरुद्ध वॉटरटाउनच्या सरकारी शस्त्रागारांत संपही झाला. मजुरांचा राग मला समजूं शकतो. पण हत्याराच्या बाबतींत आपण सर्व त्यांचे ऋणी आहोंत. बाजारांत एच्. एस्. एस्. म्हणून जें ड्रिल मिळतें तें त्यांच्याच शोधाचें वंशज.

पुढची वंशावळ थोडक्यांत सांगतों. आरंभीं ह्या पोलादांत अठरा टक्के टंग्स्टन असे. दुसऱ्या महायुद्धांत टंग्स्टन दुर्मिळ झालें, तेव्हां त्याची बरीचशी जागा मॉलिब्डेनमनें घेतली. एम् २ हें आजचें सर्वसाधारण पोलाद त्यांतलेंच. त्यांत पांच टक्के कोबाल्ट असलें तर एम् ३५, आठ टक्के असलें तर एम् ४२. हीं अधिक उष्णता सोसतात, पण किंचित् ठिसूळ असतात. जर्मनींत कार्ल श्र्योटर यांनीं १९२३ सालीं टंग्स्टन कार्बाइडची भुकटी कोबाल्टमध्यें बांधून घट्ट करण्याची सनद घेतली, आणि क्रुप कंपनीनें ती वस्तु ‘विडिया’, म्हणजे हिऱ्यासारखी, ह्या नांवानें बाजारांत आणली. सोनेरी रंग १९८० च्या सुमारास प्रचारांत आला. तो टायटॅनियम नायट्राइडचा एक अत्यंत पातळ थर असतो. चांगल्या ड्रिलवर तो घर्षण कमी करून आयुष्य वाढवितो. पण आंतलें पोलाद कोणतें, हें त्या रंगावरून कळत नाहीं.

आतां आपल्या तरुणाच्या पात्याकडे येऊं. पाणी दिलेल्या पात्याची कठिणता रॉकवेल मापानें साठाच्या आसपास असते, एच्. एस्. एस्. ड्रिलची चौसष्टाच्या जवळपास. एवढ्याशा फरकावर कापणें व्हावयाचें नाहीं. कोबाल्टचें ड्रिलही तेथें बहुधा हरतें. विडियाचें ड्रिल हें काम करील, पण तें यंत्राच्या स्टँडवर, पातें घट्ट आवळून. हातांतल्या यंत्रानें जरा तोल गेला कीं तें कांचेसारखें तडकतें आणि तुकडा छिद्रांत अडकून बसतो. दुसरा मार्ग म्हणजे धारेकडचें अंग पाण्यांत ठेवून मुठींत जाणारी शेपटीच तेवढी तापवून नरम करणें. खरा मार्ग मात्र ह्या सर्वांहून जुना आणि फुकटचा आहे. पाणी देण्यापूर्वींच छिद्रें पाडून घ्यावीं. कमानीचा जुना पाटा तर कारखान्यांतूनच कठीण होऊन आलेला असतो. तो आधीं लाल तापवून राखेंत पुरून रात्रभर निवूं द्यावा, वर धरलेली काळी पापडी घासून काढावी, आणि मग ड्रिल लावावें. अशा नरम पोलादाला साधें, पांढरें, चांगल्या कंपनीचें एच्. एस्. एस्. ड्रिल पुरतें. छिद्राच्या कडा मोठ्या ड्रिलनें किंचित् मोडाव्या, कारण पाणी देतांना चीर जाते ती बहुधा तीक्ष्ण कडेपासून.

वेगाविषयीं घाई नको. सहा मिलिमीटरच्या ड्रिलला अशा पोलादांत मिनिटाला सुमारें आठशें फेरे पुष्कळ झाले. बारा मिलिमीटरला त्याच्या निम्मे. जाडी वाढली कीं फेरे कमी, हें त्रैराशिक लक्षांत ठेवावें. तेलाचे थेंब सोडीत राहावें आणि दाब स्थिर ठेवावा. न गंजणाऱ्या पोलादांत ड्रिल नुसतें घासत राहिलें, तर तेथील पृष्ठभाग जागच्या जागीं अधिक कठीण होतो, आणि मग चांगलें ड्रिलही आंत शिरत नाहीं. पितळेची गोष्ट उलट. तिच्यांत ड्रिल एकदम आंत ओढलें जातें, म्हणून मुठीच्या पितळी तुकड्यासाठीं ड्रिलची धार सहाणेवर एकदां हलकेंच मारून घेतात. आणि पातें हातानें धरून कोणीही छिद्र पाडूं नये. ड्रिल पलीकडे निघतांना अडकलें, कीं त्या लांब धारदार पात्याचा पंखा होतो. तो थांबेपर्यंत बोटें जागेवर राहतीलच असें नाहीं.

आमच्या गांवीं एक वृद्ध लोहार होता. तो ड्रिलकडे पाहण्याऐवजीं किसाकडे पाही. दोन्ही धारा सारख्या लांबीच्या व सारख्या कोनाच्या असतील, तर दोन्ही पन्हळींतून किसाचीं दोन वेटोळीं एकदमच वर येतात. एकच वेटोळें आलें, तर दुसरी धार नुसती फिरत आहे आणि छिद्र ड्रिलपेक्षां मोठें होत आहे असें समजून तो यंत्र थांबवी, ड्रिल काढी, आणि सहाणेच्या चाकाकडे जाई.